बिनकडीचं घर
सरपंचांनी परवाच बजावलं होतं, "ताई, दहाव्याला दोन शब्द तुम्हीच बोला. आण्णांनी तोफ कशी डागली ते बराबर येऊ द्या." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कागद घ्यायचा, आण्णांचं नाव लिहायचं, उठायचं. दहाव्याच्या सकाळीही माहेरी, आष्टीच्या घरात चार वेळा उगीचच दारापर्यंत जाऊन आले. आण्णांनी तोफ डागलीच नव्हती.

आण्णा म्हणजे माझे वडील, धर्मराज. विहिरीपलीकडचं पाणी न पाहिलेला हा माणूस सतराव्या वर्षी नेव्हीत गेला. एकाहत्तरच्या लढाईत ते बोटीच्या तळाशी, इंजिनापाशी होते. लोक विचारायचे, "काय काय पाह्यलं?" ते म्हणायचे, "काहीच न्हाई. खाली होतो. आवाज ऐकले." गावाचा हिरमोड व्हायचा. मग दर सव्वीस जानेवारीला हेडमास्तर भाषणात आण्णांच्या हातून शत्रूची बोट बुडवायचे आणि आण्णा तणतणत घरी यायचे. "मी फक्त पाना फिरवला," असं आईला सांगायचे. आई, उषाबाई, म्हणायची, "मंग तोच फिरवा, नळ गळून राह्यलाय." ते लगेच नळापाशी बसायचे.

माणूस घरात रमणारा. आमच्या वेण्यासुद्धा घालायचे, आणि त्या इतक्या घट्ट की डोळे ओढले जायचे. खूळ एकच, कडीचं. घरात कुणी कडी लावायची नाही, न्हाणीघराचीसुद्धा नाही. आत असेल त्यानं दारावर टॉवेल टाकायचा आणि मोठ्यानं पाढे म्हणायचे. माझे एकोणतीसपर्यंतचे पाढे न्हाणीतच पक्के झाले. माझं लग्न ठरवायला नवीन जालन्यात गेले, तर चहा बाजूला ठेवून त्या घरातल्या सगळ्या कड्या हलवून पाहिल्या. एक अडकत होती. तिला खिशातल्या बाटलीतून तेल सोडलं. सासऱ्यांना वाटलं, पाहुणे घरच विकत घ्यायला आलेत. मी लाजेनं मेले होते.

आई गेल्यावर त्यांना मी माझ्याकडे जालन्याला आणलं. तोवर विसरायला लागले होते. दोनदा स्टेशनपर्यंत चालत गेले, रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. मी शाळेत शिकवते. मार्चात बोर्डाच्या पेपरला माझी ड्यूटी लागली आणि त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली. आतून आवाज आला, "उघडशील ना?"

मला उशीर होत होता. खरं सांगायचं तर वैतागले होते. काही न बोलता निघाले.

चार तासांनी परत आले तर दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. चमच्याच्या दांड्यानं त्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले होते. सगळे स्क्रू एका वाटीत, एकही हरवलेला नाही. बोटं मात्र सोलून निघालेली. म्हणाले, "वरून कुणी बोलंचना बाई, म्हणून काढलं." वरून म्हणजे कुठून? मला वाटलं, भ्रम झालाय. ते दार मी परत बसवलं नाही. महिन्याभरात आण्णा गेले.

हे कुणाला सांगायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. त्यापेक्षा तोफ बरी.

दहाव्याला पिंपळगाव रेणुकाईहून रखमाजीकाका आले. आण्णांसोबत भरती झालेले, त्याच बोटीवरचे. त्यांना चहा दिला आणि म्हटलं, काका, तोफेचं काहीतरी सांगा, मला बोलायचंय.

"कशाची तोफ?" ते हसले. "लढाईत इंजिनरूमचं झाकण वरून बंद ठेवावं लागायचं. खाली पाणी शिरलं तरी बाकीची बोट वाचली पाह्यजे. झाकण लावायचं काम माझं. खाली तुझा बाप. चार-चार तास."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"ते काही म्हणायचे का तेव्हा?"

"एकच. झाकण लावताना खालून विचारायचा, उघडशील ना?"

"आणि तुम्ही?"

"उघडीन म्हणायचो. अजून काय म्हणणार? तेवढं ऐकलं की बिलकुल शांत. लागला कामाला."

बाहेर माइकवरून माझं नाव पुकारलं. कागद तिथेच टाकून मी गेले. तोफेचं काही बोलले नाही. कडीचं सगळं सांगितलं, वाटीतल्या स्क्रूंसकट. सरपंच खाली बघत राहिले. त्यांनी दोन शब्द मागितले होते. आण्णांनी माझ्याकडे एकच मागितला होता.