उत्तर माझी, दक्षिण तुमची

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या तीन डॉक्टरांसाठी ते घराच्या पुढच्या खोलीत कवळ्या बनवत. तिथे प्लास्टरचे साचे, मेण आणि धातू वितळवायची छोटी भट्टी. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "दिवसभर लोकांच्या तोंडांशी गाठ, आणि बोलायला एक तोंड नाही," असं बहीण फोनवर म्हणायची.

संध्याकाळी हात धुतले की ते मागच्या खोलीत चौकोनी भोकाची जुनी चिनी नाणी मांडून बसत. दीड हजार वर्षांपूर्वी चीनचे दोन तुकडे झाले होते, उत्तरेत एक घराणं, दक्षिणेत दुसरं, आणि तीही धड टिकत नव्हती. कवळीवाल्यांना वेड होतं ते त्याच काळाचं. या वेडात त्यांना जोडीदार एकच, लांबच्या गावचे एक निवृत्त मास्तर. नाण्यांच्या एका मासिकातल्या पत्त्यावरून ओळख झाली आणि अकरा वर्षं पत्रं चालली. पहिल्याच वर्षी मास्तरांनी लिहिलं होतं, "एकाच नाण्यासाठी दोघांनी भांडायला नको. उत्तर माझी, दक्षिण तुमची."

उत्तरेची नाणी देखणी, अक्षरं रेखीव. दक्षिणेत तांब्याचा तुटवडा, त्यामुळे नाणी लोखंडाची गंजकी, नाहीतर बोटांत मोडतील इतकी पातळ. कवळीवाल्यांची तक्रार नव्हती. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं उमटवलेले ठसे आणि चार पानं मजकूर दर आठवड्याला इकडून तिकडे जायचा.

मग एकदा मास्तर स्वतःच बसनं आले. बसायच्या आधीच त्यांनी खिशातून कापसात गुंडाळलेलं नाणं काढलं. उत्तरेच्या शेवटच्या काळातलं, मास्तर वीस वर्षं ज्याच्या मागे होते ते.

कवळीवाल्यांनी भिंग लावलं. अक्षरांच्या कडा बोथट होत्या. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, तर हिरवा गंज रंगासारखा बोळ्यावर उतरला.

"हे हल्लीचं ओतकाम आहे, मास्तर."

"नक्की?"

"रोज हेच करतो मी. नक्की."

मास्तरांनी नाणं पुन्हा कापसात गुंडाळलं. चहा अर्धा प्यायले आणि ठरल्यापेक्षा आधीच्या बसनं परत गेले. निकाल सांगायला चहा संपेपर्यंत तरी आपण थांबायला हवं होतं, हे कवळीवाल्यांच्या ध्यानात आलं तेव्हा बस सुटून गेली होती.

त्यानंतर पत्र नाही. कवळीवाल्यांनी तीन पाठवली. चौथ्यात, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: "बहुधा माझीच पाहण्यात चूक झाली असावी," असं लिहून टाकलं. त्याला उत्तर आलं. कार्डावर एकच ओळ होती, "चूक झाली नव्हती, उगाच खोटं लिहू नका." अक्षर मात्र मास्तरांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भट्टी न पेटवता ते बसमध्ये बसले.

दार मास्तरांच्या पत्नीनं उघडलं. मास्तरांनी सांगितलं तसं कार्ड त्यांनीच लिहिलं होतं. मास्तर खिडकीपाशी बसले होते. पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली, पण नजर जरा बाजूलाच राहिली.

"रागावलात?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"छे हो. डोळे चाललेत. गंज खरा की रंग, ते मला तेव्हाच दिसत नव्हतं. तुम्ही म्हणालात तेव्हा कळलं, की आपला खेळ संपला. आता ठसे दिसत नाहीत, तर पत्रात लिहू काय?"

"वहिनी वाचून दाखवतील."

"त्यांना या नाण्यांचा कंटाळा आहे," मास्तर हसून म्हणाले. आतून वहिनी म्हणाल्या, "आहेच."

दोघं बराच वेळ बसले. मास्तरांनी एकेक नाणं बोटांनी चाचपून त्याचं नाव सांगितलं. दोन चुकली. कवळीवाले या खेपेला गप्प बसले. निघताना ठरलं, दर रविवारी फोन करायचा.

फोन झाले. पण चार पानं भरून लिहिणारी ही माणसं फोनवर बोलायला लागली की हवापाणी आणि तब्येत यांपुढे जाईनात. नाण्याची गोष्ट काढावी, तर समोर ठसा नाही. मग "बरं, ठेवतो," असं कुणीतरी म्हणे.

दोन महिन्यांनी एका रविवारी इकडून फोन गेला नाही, तिकडूनही आला नाही. त्या संध्याकाळी कवळीवाले मागे नाण्यांकडे न जाता पुढच्या खोलीतच बसून राहिले. डॉक्टरांनी इतक्यात मागितली नव्हती ती कवळीही त्यांनी घासून पुसून तयार केली.