एडके आले होते

आमच्या मावशीशी वाद घालायचा असेल तर पोटभर जेवून घालावा, उपाशीपोटी तो झेपत नाही. हे मी तिची सख्खी भाची म्हणून सांगते. माझ्या निम्म्या रजा तिच्याकडे जातात आणि त्यातल्या निम्म्या वादात.

मावशी जाळ्या शिवते. भोरड्यांचे थवे द्राक्षं फस्त करतात म्हणून मळेवाले वेलींवर जाळ्या टाकतात. पानगळीत तोडणी झाली की त्या फाटक्या जाळ्यांचे ढीग मावशीच्या अंगणात येऊन पडतात, आणि ती मांडीवर जाळं घेऊन बसते. जाळी कुजेल पण बाईंची गाठ सुटणार नाही, असं मळेवाले म्हणतात. हे ऐकून मावशी लाजत वगैरे नाही. बरोबर आहे, म्हणते.

आमचं खोरं वर्षभर ठणठणीत कोरडं. दगड, काटे आणि धूळ. पण पानगळ आली की त्याच्या अंगात काय येतं कोण जाणे. वेली तांबड्यालाल होतात, ऊन मऊ पडतं, ससे भर दिवसा रस्त्यात येऊन बसतात, गल्लीभर आंबणाऱ्या द्राक्षांचा वास सुटतो आणि न पिताच माणूस उगाच हसत सुटतो. कड्यावरचे रानएडके याच दिवसांत खाली उतरतात आणि शिंगाला शिंग देऊन भांडतात. टण्ण असा आवाज खोरंभर घुमतो. मावशीने तो जन्मभर ऐकला होता, पण एडका कधी पाहिला नव्हता. पानगळ म्हणजे जाळ्या, आणि जाळ्या म्हणजे मान खाली.

शेजारी पिंपवाले काका राहतात. बायको गेल्यापासून तेही मावशीसारखे एकटेच. मागच्या थंडगार खोलीत त्यांची लाकडी पिंपं आहेत, तिथे ते वाईन करतात आणि पिंपांशी गप्पा मारतात. दर पानगळीला कुंपणावरून विचारायचे, "बाई, यंदा तरी घोटभर?" एकदा त्यांना टाळायला म्हणून मावशी बोलून गेली, "ज्या दिवशी एडके दिसतील, त्या दिवशी पिईन तुमची वाईन." काकांनी त्या वर्षीची एक बाटली बाजूला ठेवली आणि वाट बघत बसले. पुढे मावशीलाही ती बाटली खुणावायला लागली, हे मला दिसत होतं. पण शब्द म्हणजे शब्द. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

यंदा मात्र घोडं अडलं. काकांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं, कायमचं. रविवारी पिंपं न्यायला टेम्पो येणार होता. मावशीने मला फोन केला. "शनिवारी ये. आपल्याला टेकडी चढायची आहे."

"आणि तुझे गुडघे?"

"ते पण येतील."

चढलो बाई. मावशी दर दहा पावलांवर मला गप्प बस म्हणायची आणि स्वतः अखंड बोलायची. तितर उडाले, तर हसली. कोल्हा दिसला, तर त्याला म्हणाली, "काय रे, घरी कळवलंस का?" आणि त्यावरही हसली. वाऱ्याने पिवळी पानं आमच्या डोक्यावर ओतली, तेव्हा दोघी पोट धरून हसलो. कशाला ते विचारू नका. एडके तेवढे दिसेनात. टण्ण ऐकू आलं पलीकडून, म्हणून पलीकडे गेलो, तर ते अलीकडून यायला लागलं. ऊन कलल्यावर मावशी एका दगडावर बसली आणि पहिल्यांदाच गप्प झाली.

"सांग ना काकांना, दिसले म्हणून," मी म्हटलं. "कोण तपासायला येतंय?"

"खोटं बोलून प्यायची होती तर इतकी वर्षं कोरडी कशाला बसले असते?"

तिचे डोळे भरले होते. मी तिचा हात धरला आणि आम्ही उतरलो.

अंगणाशी येतो तर काय, काका कुंपणापाशी खराटा घेऊन उभे, तोंड पांढरंफटक, आणि अंगणातला जाळ्यांचा ढीग धडपडतोय. ढिगातून दोन वळलेली शिंगं बाहेर आलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"पाला खायला आला आणि गुरफटला," काका म्हणाले. "मी ओढून बघितलं. पण गाठ तुमची आहे बाई, सुटेना."

एडक्याची जीभ बाहेर आली होती. मावशीने काकांकडून पोतं मागितलं, त्याच्या डोळ्यांवर टाकलं, आणि तो जरा निवल्यावर कमरेची कात्री काढून आपल्याच गाठी एकेक कापल्या. कधी कुणासाठी कापल्या नव्हत्या. पोतं ओढलं तसा तो उठला. केवढा थोरला! अंग झटकून अंगणाच्या मधोमध उभा राहिला, आम्हा तिघांना नीट बघून घेतलं, शांतपणे थोडा पाला खाल्ला आणि भिंतीवरून उडी मारून गेला. शिंगाला जाळीचा तुकडा मफलरसारखा लोंबत होता.

काका धावत जाऊन बाटली घेऊन आले. मावशी म्हणाली, "नाही. मी एडके म्हटलं होतं. हा एकच होता."

काकांचा चेहरा असा पडला की मलाच मावशीचा राग आला. पण माणूस पिंपांशी बोलून तयार झालेला. घसा खाकरून म्हणाले, "बाई, एवढ्या थोरल्याला अरेतुरे करणार? एडके आले होते. एडके पाला खाऊन गेले. आदरार्थी बहुवचन आहे ते."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "व्याकरणात बसतं," मी म्हटलं.

मग ती प्यायली. "आंबट आहे."

"इतकी वर्षं थांबवलंत, आंबणारच."

"कोण, वाईन?"

यावर दोघं एवढी हसली की काकांनी स्वतःच्या सदऱ्यावर ग्लास उपडा केला. दुसरा ग्लास भरला. तेवढ्यात अगदी जवळून टण्ण झालं. मी उठून पाहिलं तर समोरच्या उतारावर दोन एडके, मागच्या पायांवर उभे, अंगावर सगळं सोनेरी ऊन.

"मावशी, अगं बघ तरी, दोन आहेत!"

तिने मानही वळवली नाही. "नको जाऊस," म्हणाली. मला वाटलं मलाच म्हणतेय, म्हणून मी खाली बसले. पण ती काकांकडे बघत होती. "पिंपं देऊ नकोस. तू जाऊ नकोस."

एडक्याला बहुवचन आणि काकांना एकवचन. मी ग्लासात तोंड घातलं.

काकांनी बाटली हळूच खाली ठेवली. "तुला चढली आहे का गं?"

"असेल. सकाळी उतरली की विचार."

रविवारी सकाळी टेम्पो दारात येऊन उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काका, तोच डाग पडलेला सदरा घालून, कुंपणापाशी आले. मावशी जाळं मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवत होती.

"उतरली का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून," मावशी म्हणाली, आणि काकांनी टेम्पो रिकामा परत पाठवला.