माझ्या नावाचा बिल्ला

“भिल्लाच्या कातडीला काय हुतंय रं?” आप्पा म्हणाले. शेडमधले वेल्डर हसले. मी पुढे केलेला उजवा हात तसाच राहिला. तीन बोटांवर फोड होते, नखं काळी पडली होती.

आप्पा परके नव्हते. शिरूरजवळच्या आमच्या नदीकाठच्या वस्तीत येऊन माझ्या आईच्या हातचं कालवण खाल्लेला माणूस. नदीतला मासा संपला तेव्हा त्यांनीच मला कारखान्यात हाताखाली घेतलं.

काम पाइपाच्या जोडांचे फोटो काढायचं, दवाखान्यात हाडांचे काढतात तसे. जड डब्यात एक बारीक गोळी, तिच्यातून किरणं निघतात. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली की गोळी नळीतून जोडापर्यंत सोडायची आणि लांब पळायचं. एक दिवस गोळी नळीतच अडकली. आप्पा लांबूनच म्हणाले, नळी धरून हलव. मी हलवली. बराच वेळ. हाताला काहीच जाणवलं नाही. फोड पुढच्या आठवड्यात आले.

किरणं मोजायला छातीवर बिल्ला लावायचा असतो. माझ्या नावाचा होता. आप्पा म्हणाले होते, महागाचा आहे, हरवशील, ड्रॉवरमध्येच असू दे. मला पटलं. रेशनकार्डाशिवाय कुठं माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. रोज सकाळी बिल्ला बाहीनं पुसायचो, परत ठेवायचो आणि ‘बिल्ला लावला’ या रकान्यात सही करायचो. माझ्याच हातानं. त्याची आग बोटांपेक्षा जास्त होते.

ऑफिसात साहेबांनी रिपोर्ट दाखवला. बिल्ला कोरा, म्हणजे किरणं लागलीच नाहीत. चुलीवर भाजलं, असा कागद तयार होता. आप्पांनी पेन पुढे केलं आणि मला बाळा म्हणाले. तिथं माझं डोकं फिरलं.

“आप्पा, बिल्ला ड्रॉवरमधी तुमीच ठिवाया लावला. सांगा की सायबास्नी.”

आप्पांनी पेन आणखी पुढे सरकवलं.

“मग म्या सही करणार न्हाई.”

कामावरून त्याच दिवशी काढलं. आता बोटांची टोकं बधिर आहेत, जाळ्याची गाठ बसत नाही. डॉक्टर म्हणतात, एक बोट काढावं लागेल.

त्या रजिस्टरात माझ्या खोट्या सह्या आहेत. त्या मी लपवणार नाही. विचारतील तिथं सांगेन, न विचारतील तिथंही सांगेन. सह्या माझ्या. बिल्ला ड्रॉवरमध्ये. नळी माझ्या हातात, आणि हलव म्हणणारे आप्पा. हा हात त्यांच्या टेबलावर ठेवूनच सांगेन.