चव्वेचाळीस किलोची आई

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची म्हणून आईनेच ते नाव ठेवलं होतं, आणि चौपन्नाव्या वर्षीही ते तिला शोभत होतं. रोज सकाळी सहाला ती तळ्याभोवती दोन फेऱ्या मारायची. सहा किलोमीटर, आणि तेही बोलत बोलत. सोबतीला शाळेपासूनची मैत्रीण, चित्रकलेची बाई. दोघींचे पाय आणि जिभा सारख्याच वेगाने चालत. मग डबा भरायचा आणि चष्म्याच्या दुकानात जायचं. तिथे मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती पस्तीस वर्षं करत होती. आता यंत्रावर आकडे दिसतात, पण मालकांचा यंत्रावर फारसा विश्वास नाही. शंका आली की ते काच भिंगरीच्या हातात देतात. ती डोळे मिटते, दोन बोटांत काच फिरवते आणि म्हणते, "डावीकडे केसभर जाड आहे." आणि ती असतेच. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारणारेसुद्धा आता दमले होते. घरात ती आणि एक्क्याऐंशी वर्षांची आई.

आई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणून ती निवृत्त झाली होती. हातात छडी कधी घेतली नाही, पण गृहपाठ न करणाऱ्या मुलींना तिने घालायला लावलेल्या उठाबशा चाळीस वर्षांनंतरही बायका रस्त्यात थांबवून सांगत. अजूनही ती केस नीट विंचरल्याशिवाय खोलीबाहेर येत नसे.

ती आई एका सकाळी पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, डोकं आपटलं नाही, फक्त उठता येईना. भिंगरीने काखेत हात घालून ओढलं. आई हलली नाही. चादर खालून घालून पाहिली. नाही. पाठ टेकवून, गुडघा लावून, देवाचं नाव घेऊन पाहिलं. वीस मिनिटं झाली. मागच्याच महिन्यात डॉक्टरांनी फाइलवर आईचं वजन लिहिलं होतं, चव्वेचाळीस किलो. रोज सहा किलोमीटर चालणारी बाई, आणि तिला चव्वेचाळीस किलोची आई हातभर वर उचलता येईना! शेवटी ती खालच्या मजल्यावरच्या टेम्पोवाल्याला बोलावून आली. त्याचा धंदाच फ्रिज आणि कपाटं हलवण्याचा. "बाजूला व्हा ताई," म्हणत त्याने आजींना एका झटक्यात उचलून पलंगावर ठेवलं. माणूस भला होता, पण आईचा गाऊन गुडघ्यांच्या वर गेला होता, आणि तो खाली ओढायला तिचा हात पोचत नव्हता.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "परत पडले तर पडू दे. पण त्याला बोलवायचं नाही."

भिंगरीच्या पोटात काही राहत नाही. तिने सगळं धाकट्या भावाला फोनवर सांगून टाकलं, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. "ताई, तुला तिला उचलता येत नाही, बरोबर? मग उद्या मोठं काही झालं तर? इथे एक वृद्धाश्रम आहे, चांगला आहे. चोवीस तास माणसं असतात. मी चार महिन्यांनी सुट्टी घेऊन येतोय. तेव्हा बघू."

तेव्हा बघू म्हणजे काय, ते भिंगरीला पुरतं कळलं. चार महिन्यांत तिला आई उचलता आली पाहिजे होती, नाहीतर आई जाणार होती.

तळ्यावर भिंगरीने जिम लावायचं म्हटलं आणि मैत्रीण उसळली. "जिम? तू? अगं, मारून मुटकून कुणी पैलवान होतं का? माणसाने आवडेल तो व्यायाम करावा. जो आवडतो तोच टिकतो. तुझं चालणं बघ, तीस वर्षं टिकलंय. ती लोखंडं तू तीन आठवड्यांत सोडशील."

"पण चालून चालून आई उचलली जात नाही गं," भिंगरी म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

जिम एका इमारतीच्या तळघरात होती. चालवणारी चाळिशीची बाई, एके काळी वजन उचलण्याच्या स्पर्धांत भाग घेतलेली. सगळे तिला पैलवानबाई म्हणत. तिने भिंगरीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालायला आवडतं ना? मग चाला, ते सोडू नका. पण आवडतं म्हणून सगळं त्यातच होतं असं नाही. या वयात बायकांचं अंग आतून झिजत जातं. अंगात ताकद हवी असेल तर वजन उचलावंच लागतं. आवडो न आवडो." मग थांबून तिने आणखी एक विचारलं, "आणि आजी? त्या खुर्चीतून स्वतः उठतात का? त्यांना रोज पाच वेळा उठबस करायला लावा."

"एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत हो त्या!"

"म्हणूनच म्हणतेय," पैलवानबाई म्हणाली.

घरी भिंगरीने आईला विचारून पाहिलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "उठाबशा? मी काय गृहपाठ केला नाही का?" विषय तिथेच संपला, आणि भिंगरीलाही बरंच वाटलं. उठताना परत पडली तर? त्यापेक्षा बसलेली बरी. उचलायला मी आहेच, म्हणजे असेन.

तिने कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. वर मोठ्या अक्षरात ४४, खाली दर आठवड्याला ती उचलत असलेलं वजन. १०. १४. १८. तिला वजनं आवडू लागली असं काही झालं नाही, उगाच खोटं कशाला बोला. तो लोखंडाचा वास, चारी भिंतींवरचे आरसे, आपलंच लाल झालेलं तोंड! शेजारच्या पोरी गाण्यावर डोलत व्यायाम करत आणि ही दात-ओठ खात मनात म्हणत असे, हे आईचे पाय, ही आईची कंबर. वजनं लावलेली दांडी जमायला लागल्यावर पैलवानबाईने तिच्यापुढे वाळूची पोती टाकली. "माणसाला धरायला दांडी नसते," ती म्हणाली. आधी काय दुखतंय ते विचारायचं, मग बसतं करायचं, मागून मिठी मारायची, पाठ सरळ ठेवायची, जोर पायांचा लावायचा. भिंगरी घरी येऊन हे पाढ्यांसारखं पाठ करायची.

तिच्या जिवाला मात्र थारा नव्हता. दुकानातून ती अकरा, एक आणि चार वाजता घरी फोन करायची. चौथी रिंग वाजली की ती हातातली काच खाली ठेवायची. मन चिंती ते वैरी न चिंती! आई बाथरूममध्ये पडली असेल, दार आतून लावलं असेल, हाक मारून थकली असेल. मग फोनवर आईचा शांत आवाज यायचा, "किती वेळा फोन करतेस? तुझे मालक काही बोलत नाहीत का?" मालक बोलले नाहीत, पण पस्तीस वर्षांत पहिल्यांदा भिंगरीने डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक रस्ता ओलांडताना गोंधळून परत आलं.

तिने वजनकाटाही आणला होता. दर रविवारी आईला त्यावर उभं करायची. पहिल्या रविवारी चव्वेचाळीस. दुसऱ्या रविवारी थोडं कमी. तिसऱ्या रविवारी त्रेचाळीस. आणि भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, "अरे वा!"

तिने लगेच जीभ चावली. पण आईने ऐकलं होतं, तिचा चेहराही पाहिला होता. पुढच्या रविवारी आई काट्यावर चढायलाच तयार होईना. "मी काय रद्दी आहे, दर आठवड्याला तोलायला?" भिंगरीने फार आग्रह केला नाही. ४४ हाच आकडा धरून ती पुढे चालली. २६. ३०. ३५.

ताटातलं आई संपवत होती. भात, अंडं, दुधाचा पेला, सगळं रिकामं परत यायचं. सकाळी तळं आणि जिम, मग दुकान. आई आपल्या खोलीतच जेवायची, तिला जेवताना बघायला वेळ होता कुणाला? थंडी वाढली तशी आई शाल घेऊन बसू लागली. तिच्या खिडकीखाली कठड्यावर एक मांजर यायचं. आधी हाडांचा सापळा होतं; दोन महिन्यांत असं गुबगुबीत झालं की टेम्पोवाला जिन्यात म्हणाला, "ताई, या मांजराला हलवायला आता माझा टेम्पो लागेल." भिंगरी हसली आणि विसरून गेली.

भाऊ ठरल्याप्रमाणे चार महिन्यांनी आला. आदल्या आठवड्यात भिंगरीने वाळूचं सेहेचाळीस किलोचं पोतं जमिनीवरून उचलून बाकावर ठेवलं होतं, तरी भावाची बॅग पाहून ती मनात पुन्हा म्हणू लागली, मागून मिठी, पाठ सरळ, जोर पायांचा. बॅगेत वृद्धाश्रमाचा फॉर्म आहे, हे त्याने आल्या आल्याच सांगितलं होतं. चहा व्हायच्या आधीच आतून धप्पकन आवाज आला.

आई पलंगाशी खाली बसली होती. उठायला गेली आणि पायांनी दगा दिला. भाऊ धावला. "थांब," भिंगरी म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. तिने आईला विचारलं, कुठे दुखतंय का. नाही. गाऊन पायांवर नीट ओढला. मागे बसली, मिठी मारली, पाठ सरळ केली, पायांत जोर भरला आणि उठली.

आई वर आली. फार सहज वर आली. भिंगरी जोराने मागे झुकली आणि दोघी पलंगावर आपटता आपटता राहिल्या.

"ताई!" भाऊ नुसता बघत राहिला. "तू खरंच उचललंस तिला!"

जिंकली होती ती. चार महिने ज्या क्षणासाठी जीव टांगणीला लागला होता तो हा क्षण. पण तिचे हात तिला दुसरंच काही सांगत होते. केसभर जाड काच ओळखणारे ते हात, चार महिने किलो-किलोने वजन शिकलेले. हे चव्वेचाळीस नव्हते. चाळीससुद्धा नव्हते. शालीखाली, मिठीत, बरगड्या लागल्या होत्या.

गप्प बसावं असं तिला क्षणभर वाटलं. भावाने पाहिलं, डाव जिंकला, आता कशाला उकरायचं? सांगितलं तर तो म्हणेल, बघ, हिच्या हातात आई वाळली. म्हणेल कशाला, खरंच होतं ते. खिडकीबाहेर मांजर जेवणाच्या वेळेला आल्यासारखं ओरडत होतं.

"पलंगाखालचा वजनकाटा काढ," ती भावाला म्हणाली.

दोघांनी धरून आईला उभं केलं आणि क्षणभर हात सोडले. अडतीस.

भिंगरीचे डोळे भरून आले. "आई, काय केलंस हे?"

आई पलंगावर बसली, शाल सारखी केली. शाळेत एखादी चूक कबूल करायची वेळ आली असती तर ती जशी बोलली असती तशीच बोलली. "रुमाल काढायला तुझं कपाट उघडलं होतं. कागद वाचला. वर चव्वेचाळीस, आणि तू अठरावर. मला वाटलं, तुला काही तिथवर पोचायला जमणार नाही. म्हटलं, थोडं मीच खाली यावं."

भाऊ वजनकाटा बाजूला सारत म्हणाला, "आई, तिथे दिवसातून चार वेळा वेळेवर खायला देतात. इथे हे असं..."

"मला तिथे जायचं असतं," आई म्हणाली, "तर पोटभर जेवून पडले असते ना."

भिंगरी आईसमोर जमिनीवर बसली आणि तिने तिचे दोन्ही पाय हातात घेतले. पिंढऱ्या अगदी मऊ पडल्या होत्या, ताकद उरलेलीच नव्हती. पैलवानबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि हिने फक्त स्वतःचे पाय भक्कम केले होते. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मी म्हणाले अरे वा. मला लाज वाटते गं. तू पन्नासची हो, आई. साठची हो. मी उचलेन."

"साठ किलो मी लग्नातसुद्धा नव्हते," आई म्हणाली.

भाऊ आठ दिवस राहिला. आईला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते सगळ्यांनाच रागावले. या वयात गेलेलं वजन परत येईलच असं नाही, म्हणाले. ती भीती घरातून गेली नाही. भाऊ तिन्ही वेळा आईसमोर खुर्ची टाकून बसायचा, तिचा घास गिळून होईपर्यंत. मांजर बाहेर ओरडून ओरडून दुसऱ्या खिडकीला गेलं. भिंगरी सकाळी तळ्यावर जायची, कारण तिथे तिला आवडायचं, आणि एक दिवसाआड तळघरात जायची, कारण जायला हवं होतं. मैत्रिणीने हे ऐकून नाक मुरडलं आणि पुढच्या सोमवारी स्वतःच विचारलं, तिथे बूट कुठले लागतात.

भाऊ निघायच्या सकाळी फॉर्म बॅगेतच होता. तो जिन्याशी उभा असताना आईने हाताची खुर्ची मागवली आणि तिच्यात बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"मोज," ती भिंगरीला म्हणाली.

आईचे गुडघे थरथरू लागले. कोपर वाकले. ती अर्ध्यात अडकली, आणि भिंगरीचे हात आपोआप पुढे गेले. अडतीस किलो उचलणं तिला आता काहीच नव्हतं. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले, आणि आई उभी राहीपर्यंत श्वास सोडला नाही.

"एक," ती म्हणाली.