उघाडीतलं चाक

आमची नात कॉलेजात शिकते. मागच्या वर्षी एका दुपारी ती आजोबांच्या खाटेपाशी बसून मोठ्याने वाचत होती. हे अंथरुणाला खिळलेले, त्यांना तेवढीच सोबत. पुस्तकात होतं, की पार ग्रीक-रोमन लोकांच्या काळी कुणीतरी वाफेवर गरगर फिरणारा गोळा केला होता. पाणचक्क्याही होत्या. मग कारखाने तेव्हाच का नाही झाले? तिने मलाच विचारलं, "आजी, तुला काय वाटतं?"

मी कसली शिकलेली! पेपरातली अक्षरं जुळवत वाचायला लागलेली बाई. पण माझ्या आधी हेच बोलले, "त्यांच्या घरात राबणारे हात लय असतील."

ते रोमबिम राहिलं लांब, हे आमच्याच घराचं बोलत होते.

आमचं घर पेणजवळ, खाडीकाठी. पोह्यांचा धंदा. भात भिजवायचं, भाजायचं आणि गरम आहे तोवर उखळात कांडायचं. कांडायला आम्ही चार सुना, मी धाकटी. लग्नाला वर्ष झालं असेल. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या खारबांधात आतलं पाणी खाडीत सोडायचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिथे ह्यांनी बैलगाडीचं जुनं चाक बसवलं, त्याला फळ्या ठोकल्या. ओहोटीला पाणी धावलं की चाक फिरणार, आणि आसाचा खुंटा मुसळ उचलून सोडणार. असं हे सांगायचे. मी पाहिलं नाही.

का नाही पाहिलं, तेच सांगते. एका संध्याकाळी ओहोटी लागली तसे हे धावत घरी आले. "चल गो, बघायला! आज फिरतंय."

सासूबाई म्हणाल्या, "चार सुना हायत घरात. पोहे आता खाडीकडून कांडून घेतोस व्हय?"

जावा खिदळल्या. बायकोची दया आली म्हणून हा खटाटोप, असं दिसलं ना सगळ्यांना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुसळ उचललं आणि म्हटलं, "माझे हात काय मोडलेत? जा तुमी."

हे गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. आठवड्याने फळ्या उचकटून आणल्या आणि गोठ्याला लावल्या. पुढे रोह्याला कंपनीत बॉयलरवर लागले, शिफ्ट करत म्हातारे झाले. घरात साधी खुंटी बसवायची तरी सुताराला बोलवायचे.

त्या दुपारी नात उठून गेल्यावर मी उशाशी बसले. म्हटलं, "तुमचं ते चाक कसं होतं, सांगा ना मला. फळ्या किती होत्या?"

त्यांनी चादरीवर बोट गोल फिरवलं. मध्येच थांबले.

"नाय आठवत. तू व्हतीस ना गो तिथं? तूच सांग."

मी म्हटलं, "व्हते की. आठ होत्या. झकास फिरत होतं."

"फिरत व्हतं ना?" म्हणाले, आणि इतकं गोड हसले, की मला तोंड फिरवावं लागलं.

श्रावणात हे गेले. आठ होत्या की सहा, ते आता कुणालाच ठाऊक नाही.