पिवळीला कौल, लाल गायब

या, अशा जवळ या. दाराशी उभं राहून "बाई, ती गाड्यांची केस सांगा" म्हणायची ही काय रीत झाली? मागच्या वेळी आलात तर चहा अर्धा टाकून पळालात. पाय दुखतात माझे, पण तोंड अजून धड आहे. आज पूर्ण ऐकल्याशिवाय उठायचं नाही, सांगून ठेवते.

तर ती गोष्ट अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. दुष्काळाचं वर्ष होतं. धारूरच्या बाजूला एका ठाण्याची मी प्रभारी अधिकारी होते. शिपाई म्हणून भरती झालेली बाई मी, ड्युटी सांभाळत खात्याच्या परीक्षा दिल्या आणि सहायक निरीक्षकापर्यंत पोचले. नावं कोणाचीच सांगणार नाही. माणसं अजून हयात आहेत, त्यांना सुना-जावई आलेत.

त्या वर्षी ठाण्यात येणाऱ्या तक्रारी बघाल तर निम्म्या पाण्याच्या. कोणी टँकर अडवला, कोणी पाईप कापला. बंदोबस्त चारा छावणीवर, बंदोबस्त टँकरवर. आणि अशात आमच्या हद्दीतल्या एका गावात पुण्याहून मोठा ट्रक आला आणि त्यातून दोन गाड्या उतरल्या. स्पोर्ट्स कार. एक लाल, एक पिवळी. जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या, आणि किंमत विचाराल तर आपण विचारूच नये अशी.

गावातले चेअरमन सहकारातलं मोठं प्रस्थ. संस्था त्यांची, छावणी त्यांच्या संस्थेची, टँकरही त्यांच्याच शब्दावर फिरायचे. एकुलत्या एक पोराला गाडी घ्यायची होती आणि कोणती घ्यायची यावर घरात ठिणग्या उडत होत्या. म्हणून शोरूमला सांगून दोन्ही गाड्या दारात मागवल्या. पोराचं मन लालवर. तिचा आवाज वाघासारखा, म्हणायचा. चेअरमनना पिवळी हवी, भंडाऱ्याचा रंग म्हणून. गावही दोन तट पडल्यासारखं भांडायला लागलं.

"दोनच माणसं बसत्यात म्हणं हिच्यात. मग म्हातारीला काय टपावर बसविता का?"

"पिवळीचा टप बी निघतोय बे! म्हातारी उभी ऱ्हाईल."

शेवटी त्या म्हातारीनंच, म्हणजे चेअरमनच्या आईनं, निकाल लावला. "भांडू नका. देवीला कौल लावा."

कौल तुम्हाला ठाऊक असेलच. मूर्तीच्या दोन्ही अंगाला पाण्यानं फूल चिकटवायचं आणि वाट बघायची. ज्या बाजूचं आधी पडेल तो देवीचा शब्द. उजवीकडे लाल जास्वंद, डावीकडे पिवळा झेंडू. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या म्हातारीनं हळदकुंकू लावून घरातल्या देवघरात ठेवल्या आणि अख्खं गाव हलगी वाजवत टेकडीवरच्या देवळात गेलं. पुण्याहून आलेला शोरूमचा ड्रायव्हर गाड्यांपाशी बसला होता. म्हातारी त्यालाही म्हणाली, "पावणा माणूस तू, उन्हात काय बसतोस? चल देवीला." नाही म्हणता येईना, गेला बिचारा.

झेंडू पडला. पिवळीला कौल मिळाला. आरती झाली, गूळ-खोबरं वाटलं आणि लोक खाली येऊन बघतात तर दारात पिवळी एकटीच उभी. लाल गायब.

आम्ही पोचेपर्यंत छावणीला जाणारी जनावरं त्या रस्त्यानं गेली होती. चाकांचे सगळे माग खुरांखाली मोडून पडले. चारही बाजूंनी नाकाबंदी लावली. चेअरमननी मात्र तपास आधीच संपवला होता. ड्रायव्हरची कॉलर धरून मला म्हणाले, "हा तुमचा चोर. ह्याच्याजवळ दुसरी किल्ली असंल, साथीदार बलावले असत्याल. घ्या आत!"

ड्रायव्हर आष्टीकडचा निघाला. तिशीतला, शांत. ठाण्यात आणून मी त्याला समोर बसवलं. माझी एक सवय होती. संशयिताला आधी पाणी द्यायचं आणि तो कसा पितो ते बघायचं. खोटं बोलणारा घोट घोट पितो, वेळ काढतो. यानं पेला हातात धरला आणि तसाच ठेवला.

"तुझ्या घरी कळवायचंय. आईवडील कुठं असतात?"

"नका कळवू मॅडम." त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेल्यात दोघं. माझी माय सगळ्या टोळीत सांगती, माझा ल्योक पुण्यात लई मोठ्या गाड्यांवर हाय. तिला काय सांगणार तुमी? चोरीत घावला म्हणून?"

शोरूमला फोन लावला, तर दुसऱ्या किल्ल्या पुण्यातच तिजोरीत. म्हणजे गाडी देवघरातल्या किल्लीनंच गेली. परत गावात जाऊन म्हातारीला गाठलं. देवघरात लालची किल्ली नव्हतीच.

"आजी, तुमच्या देवघरात कोण कोण जातं?"

"आंगुळ केल्याबिगर कोणी न्हाई. भाईरच्याचं तर पाऊल सुदिक न्हाई. घरातली आमी तेवढी. अन् देवळातून आलो तवा घराचं कुलूप हाय तसंच व्हतं."

झालं! चोर घरातला. पण मुद्देमाल हातात नसताना चेअरमनच्या उंबऱ्यावर बोट दाखवणं म्हणजे काय, ते खात्यातल्या माणसाला विचारा. वरून फोन यायला लागले, ड्रायव्हरला अटक दाखवून मोकळ्या व्हा म्हणून. मी म्हटलं, साहेब, उद्याचा दिवस द्या. नाकाबंदीवरून एकच निरोप येत होता, कोणी काही पाहिलं नाही. आता सांगा, तसली लाल गाडी आपल्या रस्त्यावरून गेली आणि एकानंही बघितली नाही, हे होईल का? तिच्यामागं अर्धं गाव पळालं असतं. गाडी गावाबाहेर पडलीच नव्हती.

सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कोणीतरी रिकामी घागर दाणकन आपटली. त्याच गावच्या वस्तीवरची एक बाई.

"आमची फिर्याद घ्या. न्हाईतर घागर हितंच ठिऊन जाते, तुमीच भरा!"

"काय झालं बाई?" मी बाहेर आले.

"काल सांजच्याला आमच्या वस्तीचा टँकर चेअरमनच्या मळ्यावर ग्येला. पोरगं सोता म्होरं बसून घिऊन ग्येलं. मळ्यात काय हाय? मोसंबी वाळून सरपण झाली, जनावरं छावणीवर. मग पाणी कावून? माझी लेकरं रातभर तान्हेली ऱ्हायली."

ठाणे अंमलदार मला हळूच म्हणाला, "मॅडम, पाण्याचं नंतर बघू, आधी गाडीचं." मी म्हटलं, आधी हिचंच बघू. जीप काढ, आणि दोन पंच घे बरोबर.

मळा म्हणजे नुसती खडखडीत जमीन. मधे कडब्याचं मोठं पत्र्याचं शेड, कुलूप घातलेलं. आणि त्या शेडच्या दाराखाली, अहो, माती ओली! साऱ्या शिवारात ओल म्हणून नव्हती आणि तिथं मधमाशांचा घोंगाट चाललेला. चिमण्या उतरलेल्या, एक कुत्रं चिखलात पोट टेकून निवांत पडलेलं. मी तिथंच ओळखलं.

पोरगा मोटारसायकलवर धापा टाकत आला. "मॅडम, हिकडं कुठं?"

"शेडमध्ये काय आहे?"

"कडबा."

"मग कडब्याला आंघोळ घालतोस काय रे?"

पंच हसले. पोरगा काही हसला नाही. पंचांसमोर कुलूप उघडलं. आत कडब्याच्या गंजीमागं ती लाल गाडी, आरशासारखी चकचकीत. त्या दुष्काळात इतकी स्वच्छ वस्तू मी दुसरी पाहिली नव्हती. किल्ली आतच होती, हळदकुंकवासकट.

तिथंच बाजेवर बसवून विचारपूस केली. फार वेळ लागला नाही. झेंडू पडल्याबरोबर तो देवळातून सटकला होता, आणि वर आरती-हलगीच्या गजरात गाडीचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. आपली लाल पुण्याला परत जाणार, हे त्याला सोसेना. बापाची पिवळी दारात राहील, लाल चोरीला गेली म्हणून सगळे गप्प बसतील, विम्यातून शोरूमचं भागेल, असा हिशोब. दुपारी छावणीवर कडब्याचा ट्रक रिकामा होणार होता. त्यातून ती परजिल्ह्यात मित्राकडे जाणार होती. आम्ही दुपारनंतर गेलो असतो तर गाडी गेली असती आणि तो ड्रायव्हर कोठडीत.

"सगळं नीट जमवलं होतंस. मग धुतलीस कशाला?"

पोरानं मान खाली घातली. "भुसा बसला होता मॅडम तिच्यावर. बघवंना."

तेवढ्यात चेअरमन आले. शेडमध्ये डोकावले आणि चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, घरातली गोष्ट हाय. घरातच मिटवू."

मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. "साहेब, गाडी अजून तुमच्या घरातली झालेली नाही, शोरूमची आहे. आणि काल ज्याची कॉलर धरलीत तोही तुमच्या घरातला नाही. त्याचं काय मिटवता?"

पंचनामा झाला, पोराला ताब्यात घेतलं, रीतसर दोषारोपपत्र कोर्टात गेलं. पुढं कोर्टानं जे करायचं ते केलं. पण चेअरमनचं मला एक मानावं लागेल. ठाण्यात सगळ्यांसमोर त्यांनी ड्रायव्हरपुढं हात जोडले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला.

शोरूमनं कोर्टातून गाडी सोडवली, तेव्हा न्यायला तोच आला. पिवळी चेअरमननी आधीच परत पाठवली होती, देवीची माफी मागून. लाल गाडी वस्तीजवळच्या रस्त्यानं निघाली तेव्हा बाया टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. ती घागरवाली सगळ्यात पुढं. तिनं भर रस्त्यात हात आडवा केला.

"ए भाऊ, थांब! टँकर वाटला की रं आमाला!"

ड्रायव्हरनं काच खाली केली. "मावशी, पाणी न्हाई. पर तुमच्यामुळं सुटलो, बसा, चक्कर मारून आणतो."

आणि बसली ना ती! घागर मांडीवर घेऊन बसली. वस्तीला वळसा घालून आली तेव्हा रांगेतल्या बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि मी, ठाण्याची प्रभारी, टँकरच्या बंदोबस्ताला आलेली, जीपमध्ये बसून पोट धरून हसत होते. त्या दिवसापासून वस्तीचा टँकर कधी दुसरीकडे वळला नाही. वळवायची कोणाची छाती झाली नाही म्हणा ना.

इतक्या वर्षांत पुष्कळ तपास केले, पण त्या केसनं शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. वस्तू नाहीशी झाली की लोक आधी गरिबाचा खिसा तपासतात. मी तेव्हापासून दुसरंच बघायला लागले, की त्या वस्तूत जीव कोणाचा अडकलाय. ज्याचा अडकलाय तो तिला गुपचूप लपवून ठेवू शकत नाही, तिची निगा राखायला जातोच आणि तिथंच सापडतो. आणि ठाण्यात आलेली कुठलीही तक्रार लहान नसते. आपण घागरीकडे बघितलं नसतं तर गाडी दिसलीच नसती.

तो ड्रायव्हर दिवाळीला येतो अजून, आईला घेऊन. त्याची माय मला बघितलं की अजून तेच सांगते, माझा ल्योक लई मोठ्या गाड्यांवर हाय. मी म्हणते, हाय की.

चला, चहा संपला तुमचा, आज पूर्ण. आता पुन्हा या, आणि लवकर या. वर्षभरानं तोंड दाखवलंत तर दारातच पंचनामा करीन. आणि येताना त्या तुमच्या गाडीवरची धूळ पुसत बसू नका, आहे तशीच आणा. माझ्या दारात धुळीच्या गाडीचा मान मोठा.