खिडकीतली गल्ली

लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा सामानात एक जड पेटी होती. दागिने असतील अशा समजुतीनं दिरांनी ती फार जपून वर आणली. आत निघाल्या कोरण्या, शाईचे डबे आणि लिनोलियमचे तुकडे. लिनोलियमवर चित्र उलटं कोरायचं, शाई लावायची आणि वर कागद ठेवून घासायचं, की सुलटा छाप उठतो. छापायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. सासूबाईंच्या पितळी डावाची पाठ त्या कामाला झकास चालायची, त्यामुळे डाव सापडला नाही की सगळे माझ्याकडे बघायचे.

हे सगळं रस्त्याकडच्या खोलीत चाले. एके दिवशी सासऱ्यांनी जाहीर केलं, की महूचे एक मास्तर ती खोली भाड्यानं मागताहेत. घरात दुसरी जागा नव्हती. खोली गेली की कोरण्या पेटीत आणि पेटी माळ्यावर. मी रडकुंडीला आले.

सासरे मनानं वाईट नव्हते. म्हणाले, "सूनबाई, दिवसभर खुटखुट करतेस, पण बनवतेस काय ते दिसू तर दे. आपली गल्ली काढ. लोकांनी पहचानली, तर कमरा तुझा."

मला असा चेव आला, की कच्चं चित्र न काढताच खिडकीत बसले आणि दिसेल तसं कोरत सुटले. इमारती मी सरळ कधी कोरल्याच नाहीत. माझे सज्जे पुढे वाकून एकमेकांशी गप्पा मारतात. सराफांची हवेली पोट काढून उभी होती, मिलच्या भोंग्यानंतर सुटलेल्या सायकली एकमेकींवर चढल्या होत्या, आणि पोहेवाल्याच्या भट्टीचा धूर गच्चीवरच्या साड्यांत घुसला होता. दुकानांच्या पाट्या मात्र मी कोऱ्या सोडल्या. तिथंच घात झाला.

रविवारी सकाळी सासऱ्यांनी गल्लीतली मंडळी बोलावली. छाप भिंतीवर लावला. मंडळी जवळ जाऊन बघायला लागली. शेवटी पोहेवाला म्हणाला, "भाभीजी, मेरी भट्टी गली के उस सिरे पे कब चली गई?"

मी चमकले. घाईघाईत उलटं कोरायलाच विसरले होते! डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं होतं. पाट्यांवर अक्षरं कोरली असती, तर तेव्हाच लक्षात आलं असतं.

"हवेली तो अपनीच है भिया," सराफ म्हणाले, "पर नल के बाजू में कैसे?"

हशा पिकला. सासऱ्यांचं तर जुनं दुखणंच वर आलं. "इंदूरची राजधानी भोपाळला गेली ती गेलीच, आता तू गल्लीपण हलवलीस?"

मीही हसले, पण डोळे भरून आले. मास्तरांचा बिस्तरा मला खोलीत दिसायला लागला होता.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि छापासमोर थांबल्या. "चुकलंय कुठे? एकदम बराबर तर आहे."

"अगं, उलटी आहे ती," सासरे म्हणाले.

"तुम्हाला उलटी. मला ह्या खिडकीतून अशीच दिसते."

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सुनेनं रस्त्याकडे तोंड करून खिडकीत उभं राहायचं नाही, असा घरचा रिवाज होता. म्हणून खिडकीकडे पाठ करून त्या वेणी घालायला बसत, आणि हातातल्या आरशात गल्ली बघत. रिवाज घालणारे गेले, पण सवय राहिली.

"वेणीला एवढा टाइम का लागतो म्हणून तुम्ही ओरडायचे ना," त्या हसत म्हणाल्या, "ते हे."

सासऱ्यांनी उठून स्वतः खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. "ये इकडे. अशी, समोर तोंड करून."

सासूबाई पदर सावरून खिडकीत उभ्या राहिल्या. "अगोबाई, भट्टी खरंच तिकडे आहे की!"

मास्तरांना नकाराचा निरोप तेव्हाच गेला. मंडळी चहा पिऊन पांगली. सासूबाईंचा चहा गार झाला तरी त्या खिडकीतून हलल्या नाहीत, आणि त्या दिवशी त्यांना कोणी हाकही मारली नाही.